पेटी माळ्यावरून खाली काढा आधी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं एकच होतं, आवडीच्या गोष्टीला वेळ मिळत नाही. त्यातली तीन घेतेय. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते, वय ४१, ऑफिस फोर्टला. सकाळी पावणेआठची लोकल पकडते ती रात्री पावणेआठलाच घरात. घरी सासूबाई, नवरा, नववीतला मुलगा. लग्नाआधी मी पेटी वाजवायचे, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यात, विशारद राहिलं ते राहिलंच. माहेरून पेटी आणली ती बारा वर्षं माळ्यावर पडून आहे. रविवारी वाजवीन म्हणते तर रविवारी दळण, इस्त्री, पाहुणे. मैत्रीण म्हणते पाचला उठून रियाज कर. वेळ कसा काढू? आणि खरं सांगू का, कधी बसले तरी वाटतं सगळे कामात आहेत नि मी काय हे करत बसलेय.

पत्र वाचल्यावर मला पहिला प्रश्न हाच पडला, की पेटी माळ्यावर का? म्हणजे बघा, वाजवायची इच्छा झाली की आधी स्टूल शोधा, मग कोणीतरी स्टूल धरायला बोलवा, वरची गाद्यांची पोतडी बाजूला करा, धूळ पुसा, आणि एवढं होईपर्यंत सासूबाईंच्या चहाची वेळ झालेली असते. यात वेळेचा काही दोष नाही हो, माळ्याचा आहे. तर पहिलं काम म्हणजे पेटी खाली काढा आणि लगेच वाजवू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. बारा पावसाळे खाल्लेली पेटी आहे, भात्याचं चामडं कडक झालं असेल, एखादा सूर मुका असेल, एखादा पट्टी न दाबताच कोकलत बसेल, आत झुरळं तर असणारच. अशी पेटी वाजवलीत तर वाटेल आपलाच हात गेला, आणि ती परत वर जाईल.

दुरुस्त होऊन आली की हॉलमधे दिवाणावर ठेवा, वर एक जुनी ओढणी टाका, बस. दिसली पाहिजे.

आता वेळ. रविवार विसरा. आठवडाभर वाट बघून एक दिवस वाजवायचं म्हटलं की त्याची परीक्षाच होते, चांगलं वाजलंच पाहिजे असं वाटतं आणि नेमके त्याच दिवशी पाहुणे येतात. रोज दहा मिनिटं, आणि ती कुठली ते पण सांगते, कामावरून आलात, पर्स ठेवली, हातपाय धुतले की स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या आधी पेटीपाशी बसायचं. जेवणं झाल्यावर बघू असं अजिबात नाही. एकदा तुम्ही ओट्याशी गेलात की त्या दिवशीचा कारभार आटोपला, हे मी तुम्हाला लेखी देते.

आणि पाचला उठायचा सल्ला मला पटत नाही. आधीच बारा तास घराबाहेर, त्यात झोप कापून आनंद कसला मिळणार, डोळे मिटत असताना सा लावायचा का? ती दहा मिनिटं झोपेतून नाही, कामातून काढायची. सरकारनेच २०१९ मधे देशभर पाहणी केली होती लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची, त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी निघाली २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७. त्यातही गंमत अशी की ही ९७ मिनिटं फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची आहेत आणि तसे पुरुष निघाले शंभरात २६. तेव्हा तुमच्या २९९ मधली दहा कुकर लावण्यापुरती नवऱ्याकडे गेली तर आभाळ कोसळत नाही. नववीतल्या मुलाला पाटपाणी घेता येतं. पहिले चार दिवस भात चिकट होईल, होऊ दे, दुसऱ्यांदा कुकर लावायला जाऊ नका म्हणजे झालं.

सगळे कामात आहेत आणि मी हे करत बसलेय, यावर माझ्याकडे औषध नाही. मलाही वाटतं ते अजून. पण एक करून बघा, घरात परवानगी मागितल्यासारखं विचारू नका, 'मी जरा वाजवू का' असं नाही, 'मी वाजवतेय, कुकर लाव' असं. फरक पडतो.

काय वाजवायचं? विशारदचा अभ्यासक्रम तर मुळीच काढू नका. बोटं अडखळतील, पहिले पंधरा दिवस स्वतःचं स्वतःला ऐकवणार नाही. भूपाचे पाच सूर घ्या, सा रे ग प ध, त्यात फिरत राहा, तुमच्या काळी चार का पांढरी पाच जी काही पट्टी असेल त्यात हळू आवाजात गा पण. आणि बारा वर्षं गेली याचं फार मनाला लावून घेऊ नका, अहो आकाशवाणीने पेटीला १९४० मधे दाराबाहेर काढलं होतं, का तर तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही नि श्रुती, म्हणजे सुरांच्या मधल्या बारीक जागा, सापडत नाहीत, ते परत घ्यायला १९७१ उजाडलं. तिला माळ्याची सवय आहे.

माझंच सांगते. मला चित्रं काढायला आवडायची म्हणून मी चांगला ईझल घेतला, महागातले रंग घेतले, ऑनलाइन क्लासला पैसे भरले, आणि चार दिवसांत सगळं बंद. मग कधीतरी कंटाळून ओट्यावर मिक्सरच्या मागे एक छोटी वही नि साधं बॉलपेन ठेवलं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत समोर जे असेल ते काढायचं. कोथिंबिरीची जुडी जमत नाही अजून, नुसतं गवत होतं, पण आल्याचा तुकडा काय सुंदर असतो माहितेय, प्रत्येक कोंब वेगळ्या दिशेला, सालीवर बारीक बारीक रेघांच्या कड्या, एखाद्या म्हाताऱ्याच्या बोटांसारखा. परवा एक काढताना चौथी शिट्टी झाली आणि डाळीचं पिठलं झालं. वहीवर हळदीचे डाग आहेत आणि ती मी कोणाला दाखवत नाही.

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, वय २९, आयटीत आहे. वेताळ टेकडीवर जाणं हा माझा दिवसातला सगळ्यात छान वेळ होता. वाढदिवसाला स्मार्टवॉच मिळालं तेव्हापासून स्टेप्स आणि पेस बघतो आणि आता जावंसंच वाटत नाही. आळस म्हणायचा का हा?

आळस कसला, तुम्ही आनंदाचं टार्गेट करून ठेवलंत. दिवसभर ऑफिसात आकडे, मग टेकडीवर पण आकडे, कोण जाईल? घड्याळ घरी ठेवा आणि एक महिना जुन्या खाणीपर्यंतच जा, तिथे दहा मिनिटं नुसतं बसा, सकाळी लवकर गेलात तर मोर ओरडताना ऐकू येतात, दिसतात पण कधीकधी. मोर मोजू नका म्हणजे मिळवलं. आणि घड्याळ ज्यांनी दिलं त्यांना वाईट वाटेल अशी भीती असेल तर ऑफिसला घाला की, मीटिंग किती लांबली ते तरी कळेल.

प्रश्न : मी साताऱ्याचा, वय ७०, निवृत्त. सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवणं एवढंच माझं व्यसन. त्या वेळात सौ. म्हणते शेंगा निवडून द्या, कोड्याने पोट भरतं का. रोज खटका उडतो. ती हुशार आहे हो, सासरे गवंडीकामाची कंत्राटं घ्यायचे, त्यांचे हिशोब तीच लिहायची. काय करावं? ता. क. उभा ९ अडलाय, गवंड्याचं अवजार, तीन अक्षरी, शेवटी बा.

काका, शेंगा घेऊन बसा आणि कोडं काकूंना मोठ्याने वाचून दाखवा, हात तुमचे चालू दे, डोकं दोघांचं. वर घरकामाच्या शंभरातल्या त्या २६ मधे तुमची भर पडेल ती वेगळीच.

उभा ९ ओळंबा. गवंडीकामातल्या माणसाच्या मुलीला न विचारता तुम्ही मासिकाला पत्र लिहिलंत, तिकिटाचे पैसे वाया.