तिसऱ्या रविवारी न वाचलेली सूचना

प्रिय मुली, सलाम.

नाव-गाव छापू नका म्हणालीस, ते पाळते. पण इतर वाचकांसाठी तुझी हकीकत थोडक्यात सांगायला हवी. तू 29 वर्षांची, नगरकडच्या ख्रिस्ती घरातली, पुण्यात नोकरी, रविवारी उपासनेला गावी. साखरपुडा झाला होता, मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, लग्नाआधी तीन रविवार वाचतात ती लग्नाची सूचना दोन रविवार वाचून झाली होती. तिसऱ्या रविवारच्या आधी तूच लग्न मोडलंस, कारण तो तुझा फोन तपासायचा, आणि एकदा भर रस्त्यात त्याने तुझा दंड धरून ओढलं. तिसऱ्या रविवारी पाळकांनी सूचना वाचली नाही आणि सगळ्या माना तुमच्या बाकाकडे वळल्या. तेव्हापासून तू शेवटच्या बाकावर बसतेस आणि आशीर्वादाला सगळे उभे राहिले की दाराबाहेर पडतेस. आई विचारणाऱ्यांना सांगते, "तारीख जरा पुढे गेलीय." तू लिहिलंस, "मावशी, 'मनुष्याची भीती पाशरूप होते' हे नीतिसूत्रांतलं वचन मी रोज म्हणते. तरी रविवार उजाडला की पोटात गोळा येतो. माझा विश्वास कमी पडतोय का?"

नाही गं. आधी हे नीट ऐक. ज्या माणसाने हात उगारायला सुरुवात केली होती त्याला तू लग्नाच्या तोंडावर नाही म्हणालीस, आणि तेही सूचना दोनदा वाचून झाल्यावर. त्या दिवशी लोकांची भीती तुझ्यापेक्षा मोठी नव्हती. आता ती अंगावर येते आहे, कारण निर्णय एका दिवसात झाला आणि माणसांची तोंडं मात्र दर रविवारी दिसतात.

त्या वचनातला 'पाश' हा शब्द मला फार खरा वाटतो. रानात फासा लावतात तो तारेचा असतो. ससा त्यात अडकला की जिवाच्या आकांताने ओढतो, आणि जितका ओढतो तितका तो आवळत जातो. शेवटचा बाक, लवकर निघणं, "तारीख पुढे गेलीय", ही सगळी ओढाताण आहे. प्रत्येक वेळी वाटतं की सुटलो, आणि पुढच्या रविवारी फासा आणखी एक बोटभर घट्ट. आईचं ते वाक्य तर सगळ्यात घट्ट गाठ आहे. माउलीने लेकीची अब्रू झाकायला ते म्हटलं, मला कळतं. पण त्या वाक्यामुळे तू अजून त्या मुलाची होणारी बायको आहेस, निदान गावाच्या लेखी.

तुला निकदेम आठवतो? योहानाच्या शुभवर्तमानात तो तीनदा येतो, आणि तीनही वेळा मी त्याच्याकडे बघत राहते. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, यहुद्यांचा अधिकारी, समाजात मोठं नाव. पहिल्यांदा, तिसऱ्या अध्यायात, तो येशूकडे रात्री येतो. योहान कारण सांगत नाही, पण आपल्यासारख्यांना ते सांगावं लागत नाही. आणि येशू त्याला, "दिवसा ये, मग बोलू," असं म्हणत नाही. रात्री आलेल्या माणसाशी तो बसून बोलतो. दुसऱ्यांदा, सातव्या अध्यायात, निकदेम आपल्याच लोकांच्या सभेत एवढंच विचारतो, की माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं काय? एक प्रश्न, बस. येशू गालीलचा, म्हणून त्यावर लगेच टोमणा येतो, "तूही गालीलातला आहेस काय?" त्यावर तो काही बोलल्याचं लिहिलेलं नाही. बहुधा घरी जाऊन रात्रभर तळमळला असेल. तिसऱ्यांदा, एकोणिसाव्या अध्यायात, तो येशूच्या दफनाच्या वेळी येतो. बाकीचे शिष्य पांगले आहेत, आणि हा देहाला लावायची सुगंधी द्रव्यं, गंधरस आणि अगरू, घेऊन आला आहे, आजच्या मापाने तीसेक किलो. एवढं ओझं लपवून आणता येत नाही.

तू सध्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीच्या मधे कुठेतरी आहेस. त्याला कोणी घाई केली नव्हती, तुलाही मी करणार नाही.

आता माझ्याविषयी एक गोष्ट. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत नवऱ्याला सोडून आलेली एक बाई होती. अर्पणाचं गीत चालू असताना मी शेजारणीच्या कानात म्हटलं, "हिचंच काहीतरी असणार." गीताच्या एका कडव्यापुरतं ते मत होतं. ना मला तिच्या घरातलं काही माहीत होतं, ना मी विचारलं होतं. पण तिने ते ऐकलं, आणि ती यायची थांबली. मला कळायला चार महिने लागले. तिच्या दारात जाऊन माफी मागितली तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच ठेवून ती म्हणाली, "बाई, तुमच्या एका शब्दावर मी किती रात्री जागले." तुला ज्या मतांची भीती वाटते ती अशीच, एका कडव्याएवढी असतात. त्यावर तू रात्री जागवू नकोस. आणि कधी माझ्यासारखी कोणी दारात आली, तर तिला आत घे.

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या घरांतून आदराने घेतात, पण त्यांनी किती बोलणी खाल्ली ते फारसं सांगत नाहीत. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून इथला समाज नाराज, आणि तिथे शिकवणुकीवर प्रश्न विचारत राहिल्या म्हणून तिथल्या धर्मभगिनी नाराज. इकडे त्या फार ख्रिस्ती, तिकडे पुरेशा ख्रिस्ती नाहीत! 1893 मध्ये पुण्याच्या शारदासदनावर, म्हणजे विधवा आणि मुलींसाठी त्यांनी काढलेल्या शाळेवर, वादळ उठलं, पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. आक्षेप हा, की बाई प्रार्थना करतात तेव्हा मुली येऊन बसतात. रमाबाई कोणाला बोलावत नव्हत्या, पण खोलीचं दार उघडं असे, आणि ते लावून घ्यायला त्यांनी नकार दिला. मला त्यांच्या सगळ्या कामात हे उघडं दार फार जवळचं वाटतं. त्या कोणाशी भांडायला बाहेर गेल्या नाहीत आणि कोणाला भिऊन आतही कोंडून बसल्या नाहीत. देवासमोर जशा होत्या, तशाच लोकांना दिसल्या.

म्हणून तुला सांगते, वचनाचा मंत्र करू नकोस. भीती घालवायला पंचवीस वेळा म्हटलेलं वचन भीतीकडेच बघत राहतं. त्याचं दुसरं अर्ध म्हण, परमेश्वरावर भाव ठेवण्याचं. रात्री पाच मिनिटं त्याला झालेलं सगळं सांग, अगदी त्या रस्त्यावरच्या प्रसंगासह, त्या दंडावरच्या वळासह. त्याला ते ठाऊक आहेच. पण तू कोणालातरी पूर्ण, काही न वगळता सांगितलंस का? पत्रात तरी ते एका ओळीत उरकलं आहेस.

मग आईजवळ बस. भांडू नकोस. तिला एकच वाक्य दे, जे तिला बोलता येईल : "लग्न मोडलं, आम्हीच मोडलं, आणि बरं झालं." पहिल्यांदा म्हणताना तिचा आवाज कापेल. कारण सांगायचं की नाही ते तू ठरव, ते मंडळीचं देणं नाही. पाळकांना किंवा त्यांच्या मिसेसना मात्र खरं सांगून ठेव, कारण उद्या त्याच मुलाची सूचना दुसऱ्या कुठल्या मुलीबरोबर वाचली जाऊ शकते.

पोटातला गोळा, झोप उडणं हे महिना-दोन महिने असंच राहिलं, तर डॉक्टरकडे जा. त्याने विश्वासाला काही कमीपणा येत नाही.

आणि येत्या रविवारी पुढे वगैरे बसू नकोस. शेवटचाच बाक राहू दे. फक्त आशीर्वाद होईपर्यंत थांब. पाळक हात वर करून जे म्हणतात, ते दारापर्यंत पोचलेल्यांनाही असतंच, पण तुला ते उभं राहून, डोकं लववून, पूर्ण ऐकायला मिळावं असं मला वाटतं. कोणी विचारलंच, तर आईला दिलेलं वाक्य तुझ्याकडेही आहे.

काय झालं ते कळव. आईला माझा सलाम सांग.

तुझी,
मावशी