ठिपका सापडला, कॉलनी कुठे?

नागपूर

प्रिय बेटा,

नाग नदीच्या पाण्यातून वाढवलेल्या जिवाणूंच्या कॉलन्यांमध्ये (एकेका पेशीपासून वाढलेल्या पुंजक्यांमध्ये) प्रतिजैविकरोधी जनुक शोधायला कॉलनी हायब्रिडायझेशन घेतलंस, म्हणून लॅबमधले पोट्टे हसतात म्हणालीस. हसू दे. कॉलन्यांचा ठसा मेंब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, घ्यायचा आणि जनुकाशी जुळणारा, खूण लावलेला डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रोब, त्यावर सोडायचा; तो जिथे चिकटेल तिथे ठिपका, एवढीच ही पद्धत. दहा-वीस कॉलन्या असत्या तर मीही पीसीआरच (जनुकाच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणं) कर म्हटलं असतं. तुला शेकडो तपासायच्यात आणि त्यातल्या किती जणींकडे तो जनुक आहे, हे मोजायचंय. ग्रुनस्टाइन आणि हॉगनेस यांनी १९७५ मध्ये ही पद्धत मांडली ती असल्याच गर्दीतून नेमकी कॉलनी हुडकण्यासाठी.

मेंब्रेन टेकवणं, सोडियम हायड्रॉक्साइडने पेशी फोडून डीएनएच्या साखळ्या सुट्या करणं, मग नायट्रोसेल्युलोज असेल तर ८० अंशांवर भाजणं, नायलॉन असेल तर अतिनील किरणांनी डीएनए पक्का करणं, हे तुझ्या प्रोटोकॉलमध्ये आहेच. मला काळजी आहे ती खुणांची. मेंब्रेनवरच्या पेशी मेलेल्या असतात. जिवंत कॉलनी राहते ती मास्टर प्लेटवर, म्हणजे ठसा घेतला त्या मूळ प्लेटवर. ठिपका कितीही ठळक आला तरी तो प्लेटवरच्या कुठल्या कॉलनीचा हे सांगता आलं नाही, तर हाती काहीच नाही. म्हणून मेंब्रेन प्लेटवर असतानाच, शाईत बुडवलेल्या सुईने आगरपर्यंत (प्लेटमधल्या जेलीपर्यंत) आरपार तीन भोकं पाड, आणि ती मुद्दाम असमान अंतरावर. मेंब्रेन उचलून उलटं केलं की सगळं चित्र आरशातल्यासारखं फिरतं. खुणा समान अंतरावर असल्या तर ते कळतसुद्धा नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लेट्स लवकर सुकत नाहीत. ओल्या आगरवर मेंब्रेन टेकवलं की कॉलन्या फासल्या जातात. आधी नीट सुकव, मग उचलण्यापूर्वी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव. गच्च भरलेली प्लेट घेऊच नको.

दुसरं, नदीतले सगळे जिवाणू म्हणजे लॅबमधले नेहमीचे ई. कोलाय नव्हेत. ग्रॅम पॉझिटिव्ह गटातल्या जिवाणूंची भिंत जाड असते, नुसत्या अल्कलीने ती नीट फुटेलच असं नाही. आधी लायसोझाइम, म्हणजे भिंत फोडणारं विकर, दे. नाहीतर जनुक असूनही ठिपका येणार नाही आणि तू ती कॉलनी ‘नाही’त मोजशील. तुझा आकडा इथेच घसरेल. नायलॉन वापरतेस ना? मग पहिला प्रोब धुऊन काढ आणि त्याच मेंब्रेनवर १६एस आरआरएनएचा, म्हणजे सगळ्याच जिवाणूंत असणाऱ्या जनुकाचा, प्रोब लाव. त्यालाही उत्तर न देणारी कॉलनी हिशोबातच धरायची नाही. शिवाय दर मेंब्रेनवर जनुक आहेच अशी एक आणि नाहीच अशी एक, आधीपासून माहीत असलेली कॉलनी हवीच. पिवळ्या-केशरी कॉलन्यांवर तर खास नजर ठेव. रंग येणाऱ्या डिटेक्शनमध्ये त्यांचा स्वतःचा रंगही ठिपक्यासारखा दिसू शकतो.

धुण्याबद्दल थोडंच. मीठ कमी आणि तापमान जास्त म्हणजे कडक धुलाई. अर्धवट जुळलेला प्रोब सुटून जातो. २एक्स एसएससीने (हे मिठाचं द्रावण; आकडा जितका लहान तितकं मीठ कमी) सुरुवात कर आणि एकदम ०.१एक्सवर उडी मारू नको. नदीतला जनुक तुझ्या प्रोबशी तंतोतंत जुळेलच असं नाही, थोडा बदललेला असला तर कडक धुलाईत तोही जाईल. ती मर्यादा कुठे ठेवायची हे प्रोब बघूनच ठरेल. त्याचा क्रम आणि लांबी कळव, तापमान आपण मिळून काढू.

तुझा,
सर