पहिल्या सेशनला रडू आलं नाही तरी चालतं

अरे पहिलं सेशन कोरडं गेलं म्हणून थेरपी फेल असं काही नसतं, माझी पहिली ५० मिनिटं झोप किती लागते, जेवण जातं का, घरी कोण कोण असतं यातच गेली, मी मनात म्हणतोय फॉर्म भरायला आलोय की काय. थेरपिस्ट सल्ला देऊन मोकळा होत नाही, उलट तुलाच प्रश्न विचारून भंडावतो. गोळ्यांचं वेगळं, त्या सायकिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे मनाच्या आजारांचे डॉक्टर, देतात. डिप्रेशनच्या गोळीला गुण यायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात, चौथ्या दिवशी वैतागू नको, आणि बरं वाटलं की मनानेच बंद तर अजिबात नको, मी केली होती, आठवडाभर चक्कर आणि डोक्यात करंट मारल्यासारखे झटके. हां, चार-पाच सेशननंतरही सूर जुळला नाही तर सरळ सांगून थेरपिस्ट बदल.