ट्रिपला चाललायस ना, मग धंदा पण बघून ये

अरे फोटो काढच, पण जिथे पैसे देशील तिथे दोन मिनिटं थांबून बघ की समोरचा कमावतो कसा. प्रवाशांच्या होस्टेलचंच घे, बेड रिकामा राहिला की ती रात्र गेलीच, उद्या विकता येत नाही, पण जागेचं भाडं आणि पगार तर द्यावेच लागतात, म्हणून ऑफ सीझनला रेट पाडतात आणि गर्दीत चढवतात, विमानाच्या सीटचंही तेच. मालकाला निवांत वेळी गाठ आणि सरळ विचार, गिऱ्हाईक येतं कुठून, बुकिंग साइटला कमिशन किती जातं. नफा मात्र पहिल्याच भेटीत विचारू नकोस, कोणी सांगत नाही.

नाइकी ही बुटांची कंपनी पुढे उभी करणाऱ्या फिल नाइटने शिकत असतानाच जपानी बुटांवर पेपर लिहिला होता, मग १९६२ मध्ये जगभर फिरायला निघाला तेव्हा जपानमध्ये कोबेला थेट ओनित्सुका कंपनीत जाऊन त्यांचे बूट अमेरिकेत विकायचं बोलणं केलं. प्रश्न डोक्यात घेऊन गेला होता ना, मला तेच फार महत्त्वाचं वाटतं.

आणि ग्रुपचा हिशोब तूच अंगावर घे, कटकट आहे पण सगळ्यांचे पैसे सांभाळताना कॅश फ्लो, म्हणजे पैसा कधी येतो आणि कधी जातो, जो कळतो तो वर्गात बसून नाही कळत.