बोटीची बॅटरी किती वर्षं टिकते आणि कधी बदलायची?

वर्सोव्याची बोट, 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (म्हणजे एकूण 24 व्होल्ट), तीन वर्षं झाली आणि पावसाळी मासेमारी बंदी उठल्यावर इंजिन सेल्फ घेत नाही. दोन्ही बदलू का, असं तुम्ही विचारलंय. आधी मीटर लावा, मग खिशात हात घाला.

मुंबईच्या उकाड्यात सेल्फची साधी लेड-ॲसिड बॅटरी तीन-चार वर्षं जाते. पण वयापेक्षा 1 जून ते 31 जुलै हे बंदीचे दोन महिने तिला जास्त नडतात. बोट किनाऱ्यावर आणि बॅटरी वायरीसकट जागच्या जागी. ती हळूहळू उतरते, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि मग कितीही चार्ज करा, पहिली ताकद येत नाही.

दोन्ही वेगळ्या काढून हवेशीर जागी फुल चार्ज करा. 100 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीला 10 ॲम्पिअर पुरे. चार्जर काढून रात्रभर ठेवा. सकाळी मीटरवर 12.6 व्होल्ट किंवा वर असेल तर ठीक. फुल चार्जनंतरही 12.4 च्या खाली उतरली तर ती चार्ज धरत नाही. 10.5 च्या आसपास दिसली तर बहुतेक एक सेल मेलाय. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणारी नळी) सहाही सेल बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा 50 पॉइंटने (0.050) खाली असला तर तिचा नाद सोडा. उरलेला तपास बोटीवर: कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून प्रत्येकीवर मीटर धरा. 9.6 च्या खाली गेली तर बदला. व्होल्टेज टिकूनही सेल्फ मंदच फिरत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा क्षार आणि अर्थची वायर साफ करा.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर 12 व्होल्टवर चालतात म्हणून त्यांची वायर सरळ दोनांपैकी एकाच बॅटरीवर टाकलेली असते. (वायरमनचं काम दहा मिनिटांत होतं, भोगायचं मालकाने.) डायनॅमोला मात्र फक्त एकूण 28 व्होल्ट कळतात. मग लोड असलेली बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरीला जास्त चार्ज मिळून तिचं पाणी उकळतं. एकीतच सारखं डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत असेल तर हेच चाललंय. 24 चं 12 करणारा कन्व्हर्टर बसवा, नाहीतर नवी जोडीही तशीच जाईल.

बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, त्याच एएचच्या आणि जवळपासच्या महिन्यात बनलेल्या. जुनी-नवी जोडी लावली की नवीही लवकर बसते. इंजिन चालू असताना जोडीवर 27.6 ते 28.8 व्होल्ट येतायत का, हेही बघून घ्या.

पुढच्या बंदीला निगेटिव्ह काढून बॅटऱ्या घरी आणा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, नवी घेताना दुकानदार त्यांचे पैसे वजा करतो.