डुकरांसाठी तारेत करंट सोडला तर चालते का? आणि रात्री ओलित करताना सापांचं काय करायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. शेजारी सोडतो, त्याचा शेजारीही सोडतो, तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की नागपूरपासून तासाभरावर वावर घेतलं, हरभरा पेरला आणि डुकरांनी एका रात्रीत दोन ओळी उकरून ठेवल्या. समजते भाऊ. डुक्कर खाते पावशेर अन् नासवते पोतंभर. जुन्या साड्या बांधा, न्हाव्याकडचे केस टाका, आठ दिवस बुजतात, नवव्या दिवशी त्याच साडीखालून येतात. म्हणूनच माणसाचं डोकं चोरीच्या लाईटच्या आकड्याकडे जाते. आमचंही गेलं होतं.

आमचं वावर काटोल तालुक्यात, धुऱ्याला (बांधाला) लागून काकाजींचं. 2013 चा जानेवारी, हरभरा घाट्यावर. काकाजींनी खांबावर आकडा टाकला, बांबूच्या खुंट्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले अन् त्यावरून बाइंडिंग तार ओढली. रात्री नऊला चालू, पहाटे पाचला बंद. कोणी काही म्हटलं की एकच उत्तर, "डुकरासाठी आहे बे, माणसाले काय होते!" त्या हप्त्यात पंपाची थ्रीफेज लाईट रात्रीची होती म्हणून मी अकरापर्यंत ओलित करत होतो, एका ठिकाणी पाण्याचा दांड फुटला अन् पाणी धुऱ्यापर्यंत गेलं, थंडी इतकी की मी म्हटलं जाऊ दे, सकाळी पाहू, अन् जाऊन झोपलो.

रात्री आमचा हौशा बैल दावं तोडून गेला. सकाळी साडेपाचला सालदार गडी अन् मी शोधायला निघालो तर धुऱ्यावर आडवा. पुढचा उजवा पाय तारेवर, गुडघ्याखाली केस जळून बोटभर रेघ पडलेली, तोंडात हरभऱ्याचं डहाळं तसंच. चार हातांवर तारेला एक मुंगूस चिकटलेलं. मी दावं धरायला वाकलो अन् सालदारानं मागून कॉलर ओढली, "थांब भाऊ, लाईट आहे." काकाजी झोपून राहिले होते. तार अजून चालूच होती.

नुकसानभरपाई कुठून मागणार? डुकरांनी पीक खाल्लं तर पंचनामा होऊन वन विभागाकडून मिळते (तुम्हीही लगेच फोटो काढून अर्ज द्या), पण चोरीच्या लाईटनं मेलेल्या बैलासाठी कोणाकडे जाता? उलट वीजचोरीचा गुन्हा, रानडुक्कर मेलं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली केस, अन् माणूस मेला तर मनुष्यवधाची वेगळी.

अन् काकाजी काय म्हणाले माहीत आहे? "तू पाणी सोडलं म्हणून मेला. कोरडं असतं तर झटका बसून पळाला असता." हे मी दहा वर्षं ऐकतोय. लग्नात, तेरवीत, पोळ्याच्या दिवशी तर हमखास. आता तुमच्या निमित्तानं सांगतो. घरची लाईट 230 व्होल्टची, चालू राहते, एकदा धरलं की सोडत नाही. बैलाच्या पुढच्या पायातून शिरून मागच्या पायातून निघते, मधे छाती आहे. ओलीनं जास्त लागते, मान्य, पण कोरड्या जमिनीत पहाटेचं दव पडत नाही काय? ते मुंगूस कोणाच्या ओलितात मेलं?

झटका मशीन घ्या. सोलर प्लेट अन् 12 व्होल्टची बॅटरी. त्यात व्होल्टेज हजारांत असते पण ठोका सेकंदाला एखादाच अन् डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो, त्यामुळे जनावर चिकटत नाही, मागे फेकल्या जाते. पहिली तार वीतभर उंचीवर घ्या, डुक्कर थुतरी (नाकाडं) लावूनच पुढे जाते. दुसरी गुडघ्याला. रोही (नीलगाय) असतील तर आणखी वर एक. खालचं गवत काढत राहा, गवत तारेला लागलं की झटका मरतो. स्वस्तातली घेऊ नका, अन् मशीनच्या नावाखाली कोणी सरळ मेनलाईन जोडून दिली तर ती मशीन नव्हे.

सापांचं थोडक्यात. गमबूट, चांगला टॉर्च, काठी आपटत चाला. कुकरची शिट्टी हळूहळू सुटल्यासारखा आवाज आला की घोणस, जागीच थांबा अन् मागे व्हा. वावरात खाली झोपू नका, मण्यार चावलेली कळतही नाही. चावला तर मांत्रिक नको, चिरा नको, सरळ सरकारी दवाखाना, तिथे नाही जमलं तर नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज. धामण दिसली तर मारू नका, उंदीर तीच खाते.

एक सांगायचं राहिलं. त्या खुंट्या ठोकायला मीही होतो. ट्यूबचे तुकडे मीच कापले होते.

मागच्या महिन्यात काकाजींनी झटका मशीन घेतली. दोन दिवसांनी फोन, "अबे, झटकाच बसत नाही, डुकरं आरामात येतात." मी विचारलं अर्थिंगचा रॉड कुठे ठोकला. म्हणे मुरमाच्या टेकाडावर, ठणठणीत कोरड्या जागी. मी म्हटलं, रॉडपाशी बादलीभर पाणी टाका काकाजी, ओल असल्याशिवाय चालत नाही. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "किती टाकू?"