हबल दुर्बीण यवतमाळकडच्या खेड्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसते का?

दिसते, अन् आपल्याकडून तर झकास दिसते! हबल म्हणजे पृथ्वीभोवती अवकाशात फिरणारी दुर्बीण; तिची कक्षा, म्हणजे फिरायची वाट, विषुववृत्ताला 28.5 अंशांनी कललेली आहे. त्यामुळे नॉर्वे-स्वीडनमध्ये ती क्षितिजावर येतच नाही. आपण 20 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणून ती कधीकधी थेट डोक्यावरून जाते.

वेळ मात्र नेमकी हवी: अंधार पडल्यावर तासभर किंवा पहाटे उजाडण्याआधी. तेव्हा आपल्याकडे अंधार असतो, पण पाचशेच किलोमीटर वर ऊन असतं. मी हरभऱ्याच्या जागलीवर असताना पहाटे पाहिली. पश्चिमेकडून पूर्वेला सरकणारा ठिपका, न लुकलुकणारा. लुकलुकला तर समजा विमान.

1990 पासून फिरतेय बिचारी, दीड तासाला एक फेरी. शेवटची दुरुस्ती 2009 मध्ये झाली.